पाच शब्द आणि एक घड्याळ

कागदावर एक मोठं वर्तुळ काढा. त्यात घड्याळाचे आकडे भरा. आता अकरा वाजून दहा मिनिटं झालेली दिसतील असे काटे लावा.

वाचताना हे काम पोराटोरांचं वाटतं. पण ते करताना मेंदूच्या अनेक खात्यांना एकदम कामाला लागावं लागतं. सांगितलेलं समजून घ्यायचं, ते लक्षात धरायचं, बारा आकडे गोलात सारख्या अंतराने बसवायचे, आणि ‘दहा मिनिटं’ असं कानावर पडलं तरी मोठा काटा दहावर न नेता दोनवर न्यायचा. हा शेवटचा मोह आवरणं सगळ्यात अवघड. डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची, सुरुवात झालेली माणसं पुष्कळदा इथेच अडकतात. एक काटा अकरावर, दुसरा दहावर, आणि ‘झालं’ म्हणून कागद परत देतात.

घड्याळाच्या आधी तीन शब्द ऐकवायचे आणि घड्याळ काढून झाल्यावर ते पुन्हा विचारायचे, एवढ्या दोन गोष्टींची मिळून ‘मिनी-कॉग’ नावाची चाचणी होते. अमेरिकेतल्या सू बोर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती २००० साली मांडली. आठवलेल्या प्रत्येक शब्दाला एक गुण, बरोबर घड्याळाला दोन, एकूण पाच. तीनपेक्षा कमी गुण आले तर पुढची तपासणी करायची. सगळं तीन-चार मिनिटांत आटपतं.

दवाखान्यातली ही चाचणी आता मोबाइलवरच्या व्हिडिओंतून घरात आली आहे. ईदला जमलेली नातवंडं दादीला समोर बसवतात, हातात पेन देतात आणि काटा चुकला की कुणी हसतं, कुणी घाबरतं. त्या क्षणी दादीला काय वाटत असेल, हा विचार नंतर येतो. आलाच तर.

तर प्रश्न असा की पाच-दहा मिनिटांची ही परीक्षा नेमकं काय सांगते? पुढे आजार होणार हे तिला आधीच कळतं का? माझं मत आधीच सांगून टाकते. एकदाच घेतलेल्या परीक्षेचा एकटा आकडा फार थोडं सांगतो. तोच आकडा वर्षभराने घेतलेल्या दुसऱ्या आकड्याशेजारी ठेवला, आणि घरच्या माणसांनी रोज डोळ्यांनी पाहिलेलं त्याला जोडलं, तर बरंच काही कळतं.

तीस गुणांचा पेपर

या चाचण्यांतली एक जुनी आणि जगभर वापरलेली चाचणी म्हणजे ‘मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन’. मार्शल फोल्स्टीन, सुसान फोल्स्टीन आणि पॉल मॅकह्यू यांनी ती १९७५ साली प्रसिद्ध केली. आज वार कोणता, आपण कुठे आहोत, तीन वस्तूंची नावं परत सांगा, शंभरातून सात वजा करत जा, असे प्रश्न. एकूण गुण तीस. साधारणपणे चोवीसपेक्षा कमी आले तर डॉक्टर सावध होतात.

तिची एक अडचण लवकरच लक्षात आली. ज्यांचं बिघडणं नुकतंच सुरू झालं आहे असे शिकलेले लोक या पेपरात आरामात अठ्ठावीस-एकोणतीस मिळवतात. म्हणून कॅनडातल्या मॉन्ट्रियल भागात काम करणारे डॉक्टर झियाद नसरेद्दीन यांनी थोडा कठीण पेपर काढला. २००५ साली तो प्रसिद्ध झाला. त्याचं नाव ‘मॉन्ट्रियल कॉग्निटिव्ह असेसमेंट’, सगळे ‘मोका’ म्हणतात. यातही गुण तीसच, पण पास होण्याची रेषा सव्वीसवर. पाच शब्द ऐकवून पाच मिनिटांनी विचारायचे, घनाची आकृती बघून काढायची, घड्याळ काढायचं, सिंह, गेंडा आणि उंट ओळखायचे, अशी त्याची मांडणी आहे.

२०१८ साली डोनाल्ड ट्रम्प यांनी मोका दिली आणि त्यांना तीसपैकी तीस गुण मिळाल्याचं त्यांच्या डॉक्टरांनी पत्रकारांना सांगितलं. तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं की ही बुद्धिमत्तेची परीक्षा आहे. ती तशी नाही. निरोगी माणसाला सोपी जावी अशीच ती बेतलेली आहे.

सोपी, पण कुणाला? मोकामध्ये बारा वर्षं किंवा त्याहून कमी शिक्षण झालेल्यांना एक गुण वाढवून देतात. बारावी झालेल्याला एक गुण, आणि शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बाईलाही तोच एक गुण. आपल्या आजच्या सत्तर-ऐंशी वर्षांच्या दादी-नानींना या हिशेबाने तपासलं तर निम्म्या घरांत विनाकारण रडारड होईल. नंतर याच डॉक्टरांच्या संस्थेने कमी शिकलेल्यांसाठी ‘मोका-बेसिक’ नावाची वेगळी आवृत्ती काढली. मुळात ती गरज होतीच.

आपल्या देशात हा विचार त्याआधीच झाला होता. हरियाणातल्या बल्लभगड भागातल्या खेड्यांत भारत आणि अमेरिकेच्या संशोधकांनी मिळून वृद्धांचा अभ्यास केला. तिथले बहुतेक बुजुर्ग निरक्षर. त्यांना ‘शंभरातून सात वजा करा’ कसं म्हणणार? मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली मूळ चाचणीची हिंदी आवृत्ती प्रसिद्ध केली, ती नुसतं भाषांतर नव्हती. वजाबाकीच्या जागी आठवड्याचे वार उलटे सांगायला ठेवले. ‘डोळे मिटा’ हे वाचून तसं करायचं असतं, त्याऐवजी विचारणाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघून तो करतो तसं करायला सांगितलं. एक वाक्य लिहायचं असतं, त्याऐवजी आपल्या घराविषयी काहीतरी बोलायला सांगितलं. मेंदूचं तेच काम तपासायचं, पण पाटी-पेन्सिलीशिवाय.

मक्तबची वर्षं कुठे धरायची?

आपल्या घरांत यात आणखी एक गुंता आहे. ‘शिक्षण किती?’ असं डॉक्टर विचारतात आणि मुलगा पटकन सांगतो, ‘काही नाही, अम्मी अनपढ आहे.’ पण अम्मी लहानपणी मक्तबमध्ये जाऊन कुरआन नाझरा शिकल्या आहेत, रोज फजरनंतर ओळीवर बोट ठेवून वाचतात. त्यांना मराठी सही करता येत नाही, पेन धरायची सवय नाही, तरी अक्षरांशी त्यांची पन्नास-साठ वर्षांची ओळख आहे. हे डॉक्टरांना सांगायलाच हवं. त्यावरून कोणती आवृत्ती घ्यायची ते ठरतं.

भाषेचंही तसंच. कोकणातल्या घरात बोलतात ती बोली वेगळी, सोलापूर-मराठवाड्याकडची दखनी वेगळी. परीक्षा छापील मराठीत किंवा शुद्ध उर्दूत घेतली तर अर्धे गुण भाषेपायीच जातात. मोकाच्या मूळ इंग्रजी पाच शब्दांत एक ‘चर्च’ आहे, एक डेझी नावाचं फूल आहे. ज्या बाईने ते फूल कधी पाहिलंच नाही, तिला ते आठवलं नाही तर दोष मेंदूचा की शब्दाचा? तेव्हा घरी कोणती भाषा बोलता, हे न विचारता चाचणी सुरू झाली तर नम्रपणे थांबवा आणि सांगा. यात उद्धटपणा काही नाही.

उलट बाजूनेही फसगत होते, आणि ती जास्त धोक्याची. ‘अम्मींना यासीन पाठ, तबारक पाठ, पन्नास वर्षांपूर्वी कुणाच्या निकाहात काय जेवण होतं तेही ठाऊक. त्यांना कसला आलाय विसर?’ असं म्हणून घरचे दोन-तीन वर्षं घालवतात. अल्झायमर हा स्मृतिभ्रंशाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. त्यात पहिला घाव बसतो तो नवीन गोष्टी साठवणाऱ्या भागावर. जुनं, हजारदा घोटलेलं फार उशिरा जातं. थेओड्यूल रिबो या फ्रेंच अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकातच हे टिपलं होतं, नवीन आधी जातं, जुनं मागाहून. म्हणून पाठ असलेल्या सूरा हा निर्वाळा होऊ शकत नाही. आज दुपारी कोण येऊन गेलं, जोहर पढून झाली की राहिली, औषधाची गोळी घेतली की नाही, इथे पाहायला हवं. रकातींचा गोंधळ तरुणांचाही होतो, सज्दा-ए-सहू त्यासाठीच तर आहे. पण जी व्यक्ती कधी चुकत नव्हती ती महिनाभर रोज चुकू लागली, तर ती गोष्ट वेगळी.

याच फरकावर न्यूयॉर्कचे हर्मन बुश्के यांनी चाचण्या उभ्या केल्या. शब्द आठवला नाही की ते इशारा देत, ‘ते एक फळ होतं.’ इशाऱ्याने शब्द आठवला तर तो आत साठलेला आहे, काढायला वेळ लागतोय एवढंच. वयाने, थकव्याने, उदासीने असं होतं. इशारा देऊनही काहीच आठवलं नाही, किंवा भलताच शब्द आला, तर साठवणंच बिघडलं आहे असा संशय येतो. पुढचं भाकीत करण्याच्या दृष्टीने छोट्या चाचण्यांत काही मिनिटांनी शब्द आठवण्याचा हा भाग सर्वांत मोलाचा मानला जातो.

बारा वर्षं आधी?

आता भाकिताकडे येऊ. फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात, बोर्दो शहराच्या परिसरात, १९८८ साली पासष्टच्या वरच्या ३,७७७ लोकांचा अभ्यास सुरू झाला. दर काही वर्षांनी त्यांच्या त्याच त्या छोट्या चाचण्या घेतल्या. त्यातली एक अगदी साधी. ठरलेल्या वेळात रंगांची, प्राण्यांची, फळांची, शहरांची जमतील तेवढी नावं सांगायची. पुढे ज्यांना अल्झायमर झाला आणि ज्यांना झाला नाही, त्यांचे जुने कागद शेजारी ठेवून पाहिले तेव्हा दिसलं की नावं सांगण्याच्या कामात आजारी गट निदानाच्या सुमारे बारा वर्षं आधीच मागे पडू लागला होता. जास्त शिकलेल्यांत ही घसरण आणखी आधी सुरू झाली होती, पण त्यांची शिदोरी मोठी, म्हणून बाहेर दिसायला वेळ लागला.

हे वाचून कुणी घड्याळ लावून अब्बांना फळांची नावं विचारायला बसू नये. ती सरासरी गटाची होती. एकेक माणूस पाहिला तर पुढे आजारी पडलेल्या पुष्कळांचे गुण त्या काळात निरोगी लोकांसारखेच होते आणि निरोगी राहिलेल्या कित्येकांचे कमी. गटाविषयी खरं असलेलं एका माणसाच्या माथी मारता येत नाही.

थोडा हिशेब करून पाहू. आपल्या देशात साठीच्या पुढच्या लोकांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात आला. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. आता समजा एका वस्तीतल्या साठीपुढच्या हजार लोकांची छोटी चाचणी घेतली, आणि ती दोन्ही बाजूंनी शंभरात ऐंशी वेळा बरोबर ठरते. हजारात आजारी ७४. त्यातले ५९ सापडतील, १५ सुटतील. उरलेल्या ९२६ निरोगी लोकांपैकी १८५ जणांना चाचणी चुकून आजारी ठरवेल. म्हणजे एकूण २४४ जणांच्या कागदावर लाल खूण, आणि खरे आजारी त्यात फक्त ५९. चौघांतला एक!

तीच चाचणी स्मृती-चिकित्सेच्या दवाखान्यात घ्या. तिथे घरच्यांना शंका आली म्हणूनच लोक येतात, समजा निम्मे खरोखर आजारी आहेत. तिथे लाल खूण मिळालेल्या पाचांपैकी चौघे खरे आजारी निघतील. चाचणी तीच, कागद तोच, किंमत वेगळी. अमेरिकेतल्या सरकारी तज्ज्ञ समितीने २०२० मध्ये हेच सांगितलं की काहीही तक्रार नसलेल्या सगळ्या वृद्धांची सरसकट अशी चाळणी करावी किंवा करू नये, असं ठरवण्याइतका पुरावा हाती नाही. आणि ज्यांची स्मृती किंचित कमी झाली आहे त्यांच्यापैकी कुणाला पुढे डिमेन्शिया होईल हे एकदाच घेतलेल्या जुन्या तीस गुणांच्या पेपरावरून सांगू नये, असा निष्कर्ष कोक्रेन या संशोधन-परीक्षण करणाऱ्या गटानेही काढला. किंचित कमी झालेल्यांतले काही जण पुढे आजारी होतात, काही वर्षानुवर्षं तसेच राहतात, आणि काही चक्क पूर्ववत होतात.

पूर्ववत कसे होतात? कारण गुण कमी होण्याची इतर कारणं भरपूर आहेत आणि त्यातली बरीच दुरुस्त होतात. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. थायरॉइड. झोपेच्या गोळ्या, सर्दी-ॲलर्जीच्या किंवा लघवी आवरण्याच्या काही गोळ्या. लघवीच्या मार्गातल्या जंतुसंसर्गाने वृद्धांना अचानक भ्रम होतो. पडल्यावर डोक्याला मार लागून आत हळूहळू साकळलेलं रक्त. जोडीदार गेल्यानंतरची उदासी तर डिमेन्शियाची हुबेहूब नक्कल करते. ‘अब्बांच्या जनाज्यानंतर अम्मी विसरायलाच लागल्या’ असं जिथे ऐकू येतं, तिथे आधी मनाची चौकशी व्हावी.

आणि कान! ज्याला शब्द ऐकूच आला नाही तो आठवणार कसा? चाचणीआधी कानातला मळ काढला, ऐकण्याचं यंत्र लावलं, चष्मा आठवणीने नेला, तर दोन-तीन गुण तिथेच वाचतात. ऐकू कमी येण्याकडे दुर्लक्ष हे पुढे डिमेन्शियाचं एक कारणही ठरतं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या अहवालात बदलता येण्याजोगी अशी चौदा कारणं दिली आहेत, त्यात श्रवणदोष, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकटेपणा, कमी दिसणं, लहानपणी शाळा न मिळणं हे सगळं आहे. चौदांवर मिळून काम झालं तर जगातले सुमारे ४५ टक्के रुग्ण कमी करता किंवा लांबणीवर टाकता येतील, असा त्यांचा हिशेब आहे.

रमजानमध्ये, त्यातही मधुमेह असलेल्या बुजुर्गांची, असरनंतर चाचणी घेऊ नये. साखर उतरली की कुणाचंही डोकं चालत नाही. नुकतंच ऑपरेशन झालेलं असताना किंवा ताप असतानाही नको. तेव्हाचा आकडा त्या दिवसाचा असतो.

घरच्यांचा पेपर

या विषयात मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे निम्मी परीक्षा घरच्यांनीच द्यायची असते. ऑस्ट्रेलियातल्या अँथनी जॉर्म यांनी १९८०च्या दशकाअखेर एक प्रश्नावली तयार केली, तिच्यात रुग्णाला काहीच विचारत नाहीत. त्याला जवळून ओळखणाऱ्याला विचारतात की दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत आज तो कसा आहे. यात शिक्षणाचा अडसर येत नाही, कारण तुलना दुसऱ्या कुणाशी नसून त्या माणसाची त्याच्या स्वतःशी आहे. बल्लभगडच्या अभ्यासातही अशीच रोजच्या व्यवहारांची यादी केली होती. जेवण झालेलं विसरून पुन्हा मागतात का, गावात वाट चुकतात का, असले प्रश्न.

आपल्या घरात याची उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही. चाळीस वर्षं शीरखुर्मा करणाऱ्या बाईंना यंदा शेवया आधी की दूध आधी, इथे अडायला झालं. दरवर्षी जकातीचा हिशेब तोंडी करणारे अब्बा यंदा वही तीनदा मांडूनही चिडले. मशिदीतून घरी येताना दुसऱ्याच गल्लीत शिरले. एखादा शब्द जिभेवर येऊन अडणं, चष्मा कुठे ठेवला ते विसरणं हे वयाचं. पण चष्मा फ्रीजमध्ये सापडला आणि ‘कुणीतरी चोरून ठेवला’ असा आरोप सुनेवर आला, तर भांडू नका. तारीख घालून लिहून ठेवा. अशा पंधरा-वीस नोंदी डॉक्टरांना तीस गुणांच्या पेपराइतक्याच उपयोगी पडतात. लिहिणारी बहुधा सूनच असते, आणि डॉक्टरांसमोर बोलतो तो मुलगा, जो दिवसभर बाहेर असतो. सुनेलाही आत न्या.

एका गोष्टीविषयी मात्र कडक बोलावंसं वाटतं. चाचणीत अठरा गुण आले की दुसऱ्या दिवसापासून कपाटाच्या किल्ल्या काढून घेणं, बँकेच्या कागदांवर अंगठे घेणं, ‘अम्मींना आता काही कळत नाही’ असं त्यांच्यासमोरच पाहुण्यांना सांगणं, हे काही घरांत होतं. हिबा करायला देणारा शुद्धीत आणि समजत्या मनाचा असावा लागतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून गुणांच्या कागदाचा वापर दोन्ही बाजूंनी होतो. एक भाऊ म्हणतो त्यांना कळत होतं, दुसरा म्हणतो कळत नव्हतं. माणसाला एखादा निर्णय समजतो की नाही हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याची तपासणीही वेगळी असते. पाच शब्दांतले दोनच आठवले तरी आपलं घर कुणाला द्यायचं हे एखादीला स्वच्छ कळत असू शकतं.

शंका खरी असेल तर आधी नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन रक्ताच्या तपासण्या करून घ्याव्यात, मग मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचार विभाग असतो. जाताना सगळ्या औषधांची पिशवीच उचलून न्या, चिठ्ठी नको, कारण शेजारणीने दिलेली गोळी चिठ्ठीवर नसते. चाचणी खोलीत होईल तेव्हा नातेवाइकांनी बाहेर थांबावं. आत बसून ओठांनी उत्तरं सुचवणारी माया रुग्णाच्या कामाची नाही. घरून शब्द पाठ करवून नेणंही तसंच.

निकालाचा कागद, त्यावर तारीख, चाचणीचं नाव आणि कोणत्या भाषेत घेतली हे लिहून, फाइलला लावून ठेवा. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने डॉक्टर पुन्हा घेतील, तेव्हा तो लागेल. मोकाच्या एकापेक्षा जास्त प्रती आहेत, त्यात शब्द वेगळे असतात, त्यामुळे मागचे शब्द आठवून गुण वाढण्याची भीती राहत नाही. या वेळी अठ्ठावीस, पुढच्या वेळी चोवीस, ही घसरण कमी शिकलेल्या बाईच्या दोन्ही वेळच्या बाविसापेक्षा जास्त विचार करायला लावणारी आहे.

जवळ डॉक्टर नसेल किंवा आधी नुसतं कुणाशी बोलायचं असेल तर वृद्धांसाठीची सरकारी हेल्पलाइन १४५६७ आणि मानसिक आरोग्याची टेलिमानस १४४१६ या दोन्हींवर फोन करता येतो. १९९२ साली केरळात सुरू झालेली ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था रुग्णांना सांभाळणाऱ्या घरच्यांना मार्गदर्शन करते, तिची मुंबईतही शाखा आहे.